पहिला गोपनीय अहवाल लिहिताना : प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

मार्च संपत आला की प्राथमिक आरोग्य केंद्रातील कनिष्ठ सहायक, म्हणजे लिपिक, गोपनीय अहवालांचा (कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा) गठ्ठा वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर आणून ठेवतो, आणि ते दोन दिवसांत पाठवावेत असा तालुक्याचा निरोपही सोबतच आलेला असतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, पूर्व विदर्भातील एका जंगलव्याप्त तालुक्यात, मी असे चौदा अहवाल एका संध्याकाळी लिहिले आणि चौदाही जणांना ‘अ’ श्रेणी दिली. कोणाचे नुकसान करायचे नाही, एवढाच विचार त्यामागे होता. नदीपलीकडच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला तिच्या अहवालाची प्रत मिळाली, तेव्हा ती मला भेटायला आली. पावसाळ्यात रस्ता तुटल्यावरही ती मुख्यालय सोडून गेली नव्हती. तिच्या शेजारच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका मात्र आठवड्यातून दोनदाच येत असे. श्रेणी दोघींची सारखीच होती. ती शांतपणे म्हणाली, “सर, मंग मी पावसाळाभर तेथं राह्यली, ते कुठी लिवलं जी?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते मी कुठेच लिहिलेले नव्हते.

एमबीबीएसच्या शिक्षणात सर्पदंशापासून प्रसूतीपर्यंत सारे शिकवले जाते, पण हाताखालच्या माणसाच्या वर्षभराच्या कामाचे मोल कसे ठरवावे, हे शिकवले जात नाही. पुढे सांगितलेली पद्धत मी त्या प्रसंगानंतर हळूहळू बसवत गेलो, आणि नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला ती पहिल्याच वर्षापासून वापरता येईल, असा माझा अनुभव आहे.

आधी कागद समजून घ्यावा

गोपनीय अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कामाविषयी लिहिलेला भाग आधी येतो, त्यानंतर प्रतिवेदन अधिकारी आपले मत व श्रेणी नोंदवतो आणि शेवटी पुनर्विलोकन अधिकारी ते तपासून कायम करतो किंवा बदलतो. ज्या कर्मचाऱ्याचे काम तुम्ही किमान तीन महिने पाहिले आहे, त्याचाच अहवाल तुम्ही लिहू शकता. आपल्या केंद्रात कोणत्या पदाचा प्रतिवेदन अधिकारी कोण, याची यादी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावी, कारण या बाबतीतला गोंधळ मार्चमध्ये निस्तरता येत नाही.

श्रेणींचे शब्द नीट वाचावेत. ‘अ+’ म्हणजे अत्युत्कृष्ट, ‘अ’ म्हणजे उत्कृष्ट, ‘ब+’ म्हणजे निश्चित चांगला आणि ‘ब’ म्हणजे चांगला. नेमून दिलेले काम वेळेवर व बिनचूक करणारा माणूस ‘चांगला’ किंवा ‘निश्चित चांगला’ असतो. उत्कृष्ट म्हणजे त्याहून काही अधिक. प्रत्यक्षात मात्र ‘अ’ ही नेहमीची श्रेणी होऊन बसली आहे आणि ‘ब+’ मिळालेला माणूस आपल्याला शिक्षा झाली असे समजतो. या समजाशी तुमची पहिल्याच वर्षी गाठ पडणार आहे, हे ध्यानात ठेवावे. पदोन्नतीच्या वेळी आणि दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या (पदोन्नती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेच्या) लाभाच्या वेळी हेच अहवाल काढून पाहिले जातात, म्हणून कर्मचाऱ्याची भीती अगदीच निराधार नसते.

हात सढळ का होतो

सढळ हाताने श्रेणी देण्याचा दोष केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या एमआरसीपी या पदव्युत्तर परीक्षेच्या प्रात्यक्षिक भागाचा अभ्यास मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. गुणांमध्ये जो पद्धतशीर फरक पडत होता, त्यातला सुमारे ८७ टक्के भाग उमेदवारांच्या कुवतीमुळे पडत होता, तर सुमारे १२ टक्के भाग केवळ परीक्षक कडक आहे की मऊ आहे यामुळे पडत होता. हे परीक्षक अनुभवी होते आणि समोरचा उमेदवार सहसा त्यांच्या ओळखीचा नसे. मग वर्षभर ज्यांच्यासोबत एकाच जीपमधून लसीकरणाला गेलो, ज्यांच्या घरचा डबा खाल्ला, त्यांच्याविषयी लिहिताना हात किती सैल होत असेल, याची कल्पना करता येईल.

मूल्यमापन कशासाठी केले जाते, यावरही बरेच अवलंबून असते. जवाहर आणि विल्यम्स यांनी १९९७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे आढळले की पगारवाढ किंवा पदोन्नतीसाठी दिलेले गुण हे केवळ संशोधनासाठी किंवा कर्मचाऱ्याच्या सुधारणेसाठी दिलेल्या गुणांपेक्षा प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत हे दाखवणाऱ्या मापाच्या) सुमारे एक तृतीयांशाने जास्त असतात. माणूस तोच आणि कामही तेच असते. कागदाला परिणाम जोडला गेला की लिहिणाऱ्याचे मन बदलते. म्हणूनच स्वतःच्या खासगी वहीतील मत आणि अहवालातील मत यांत किती अंतर पडते, ते दरवर्षी स्वतःच तपासावे, असे मी सुचवतो.

कॅनडातील नॅन्सी ड्युडेक यांनी २००५ मध्ये वैद्यकीय शिक्षकांना विचारले की विद्यार्थी कमी पडतो आहे हे दिसत असूनही तुम्ही तसे का लिहीत नाही. त्यांच्या उत्तरांतून चार कारणे पुढे आली : वर्षभराच्या नोंदी नसतात, नेमके काय नोंदवावे हे कळत नाही, विद्यार्थी अपिलात जाईल याची धास्ती असते, आणि कमी पडणाऱ्याला सुधारण्यासाठी काही सोय नसते. ही चारही कारणे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जशीच्या तशी लागू पडतात. त्यांत आपल्याकडची आणखी दोन मिळवावी लागतात. पहिले, पदे रिक्त असतात. भामरागड, एटापल्ली, धारणी किंवा चिखलदरा यांसारख्या दुर्गम तालुक्यांत जो आहे तो नाराज होऊन बदली मागू नये, अशी काळजी अधिकाऱ्याला सतत वाटते. दुसरे, तुम्ही नवे असता, तर आरोग्यसेविकांवर देखरेख करणारी आरोग्य सहायिका वीस वर्षे त्याच भागात काम करत असते. तुमची पहिली अवघड प्रसूती तिनेच सांभाळलेली असते. तिच्याविषयी उणे लिहिताना लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या लाजेचा आणि तिच्या नोंदवहीच्या अचूकतेचा काही संबंध नाही.

सढळपणाचा एक सख्खा भाऊ आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनावरून दाखवून दिले की एका गुणाने प्रभावित झालेला वरिष्ठ बाकीचे सगळे गुणही त्याच रंगात पाहतो. आपल्याकडे हे असे घडते की जी सिस्टर नम्रपणे बोलते, बैठकीला वेळेवर येते आणि अहवाल टाइप करून देते, तिच्या गृहभेटीही उत्तमच असतील, असे आपण न पाहता धरून चालतो.

एप्रिलमध्येच अपेक्षा लिहून द्याव्यात

मार्चमधला प्रामाणिकपणा एप्रिलमध्ये पेरावा लागतो. प्रत्येक पदासाठी चार-पाच कामे निवडावीत आणि त्यांत ‘चांगले’ म्हणजे काय व ‘उत्कृष्ट’ म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत लिहावे. ‘तत्परता’, ‘निष्ठा’, ‘सचोटी’ हे शब्द अहवालाच्या नमुन्यात असतातच. त्यांचा अर्थ आपल्या केंद्रापुरता ठरवण्याचे काम तुमचे आहे.

आरोग्यसेविकेचे उदाहरण घेऊ. गरोदर मातेची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत होणे, चारही तपासण्यांची नोंद माता बाल संरक्षण कार्डावर असणे आणि प्रत्येक तपासणीत रक्तदाब व हिमोग्लोबिन प्रत्यक्ष मोजलेले असणे, एवढे झाले तर काम चांगले आहे. जोखमीच्या मातांची यादी तिला तोंडपाठ आहे, प्रत्येकीसाठी प्रसूतीचे ठिकाण व वाहन आधीच ठरलेले आहे, आणि पावसात वाट बंद होणाऱ्या गावातील मातेला तिने आठवा महिना लागताच नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवण्याविषयी कुटुंबाशी बोलणे केले आहे, असे असेल तर ते उत्कृष्ट आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क कसा तुटतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आरोग्यसेवकासाठी हिवतापाचे काम घ्यावे. राज्यातील हिवतापाचा सर्वांत मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर असल्यामुळे तिथे रक्तनमुन्यांची संख्या सगळे विचारतात. परंतु नमुने घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत किती दिवस गेले, आणि बाधित निघालेल्या रुग्णाने औषधाचा पूर्ण क्रम घेतला की नाही, हे फार थोडे जण विचारतात. संख्या भरणारा आणि रुग्ण बरा होईपर्यंत पाठपुरावा करणारा, हे दोघे तुमच्या तक्त्यात वेगवेगळ्या ठिकाणी दिसले पाहिजेत. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचेही तसेच आहे : किती जणांचे रक्त तपासले हा आकडा सोपा असतो, पण वाहक निघालेल्या तरुण-तरुणीला लग्नाआधी समजेल अशा भाषेत कोणी समजावले, हे काम अवघड असते आणि तेच खरे काम असते.

शीतसाखळी सांभाळणाऱ्यासाठी लसींचे तापमान २ ते ८ अंशांत राहणे आणि दिवसातून दोनदा त्याची नोंद होणे, ही किमान अपेक्षा आहे. औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळेतील कर्मचारी आणि परिचर यांच्यासाठीही अशीच थोडक्यात यादी करावी. हा कागद प्रत्येकाला वाचून दाखवावा, त्याचे म्हणणे ऐकून गरज असेल तिथे बदल करावा आणि त्यावर दोघांनी सही करावी.

वही

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला आठ-दहा पाने द्यावीत. महिन्यातून एकदा, मासिक बैठक झाल्याच्या रात्री, प्रत्येकाविषयी दोन-तीन ओळी लिहाव्यात. त्यात तारीख, गाव आणि स्वतः पाहिलेली गोष्ट असावी, विशेषणे नसावीत. ‘कामात हलगर्जी’ असे लिहून काही साधत नाही. ‘१४ जुलै, लसीकरण सत्र, साडेअकराला पोहोचलो, सत्र सुरू नव्हते, लस आलेली होती, लाभार्थ्यांची यादी नव्हती’ असे लिहिले तर सहा महिन्यांनीही त्या ओळीला वजन राहते. चांगल्या गोष्टीही तितक्याच काटेकोरपणे लिहाव्यात, कारण आपल्या स्मरणात भांडणे टिकतात आणि निमूटपणे केलेले काम विरून जाते. हे केले नाही, तर मार्चमध्ये शेवटच्या दोन महिन्यांतल्या घटनाच तेवढ्या आठवतात आणि बाकीच्या वर्षाची उणीव आपण सढळ श्रेणीने भरून काढतो.

वहीत लिहायचे तर प्रत्यक्ष पाहावे लागते. दर महिन्याला प्रत्येक उपकेंद्रात तासभर घालवणे शक्य नसेल, तर दोन महिन्यांतून एकदा तरी एखादी पूर्ण तपासणी शेजारी बसून पाहावी : आरोग्यसेविका मातेला बसायला सांगते का, रक्तदाबाचा पट्टा नीट बांधते का, रक्तक्षय असल्याचे सांगताना घरात काय शिजते ते विचारते का. वैद्यकीय शिक्षणात ‘मिनी सीईएक्स’ नावाची पद्धत आहे, ती १९९५ मध्ये नॉरसिनी यांनी मांडली. तिच्यात शिक्षक विद्यार्थ्याची एकच छोटी रुग्णभेट समोर बसून पाहतो, लगेच बोलतो आणि लगेच नोंद करतो. तिचे गुणांकन आपल्याला नको, पण पाहा, बोला, लिहा हा क्रम उपकेंद्रातही चालतो.

नोंदवहीची तपासणी घरी जाऊन करावी. नोंदवहीतून कोणतीही तीन नावे निवडावीत आणि आशाताईंना सोबत घेऊन त्या तीन घरी जावे. मी एकदा एका नोंदवहीत पाहिले, तर तीस मातांपैकी सव्वीस जणींचे हिमोग्लोबिन नेमके दहा होते. पुढे एका शीतकपाटाच्या नोंदवहीतही तेच दिसले : मे महिन्यात सलग दोन दिवस वीज नसतानाही सकाळ-संध्याकाळ चार अंशांचीच नोंद होती. जवळपास सगळ्यांचे हिमोग्लोबिन दहा असलेली नोंदवही आपण खोटी ठरवतो. मग सगळ्यांना ‘अ’ असलेला अहवालांचा गठ्ठा वर पाठवताना आपणही तेच करत असतो, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली.

चूक त्याच आठवड्यात सांगावी

वहीतली उणी नोंद मार्चपर्यंत दडवून ठेवू नये. ज्या आठवड्यात चूक दिसली, त्याच आठवड्यात त्या व्यक्तीला एकटे बोलावून सांगावी. बैठकीत सर्वांसमोर सांगू नये, कारण त्याने माणूस सुधारत नाही, दुखावतो. ताई, मॅडम, सर अशा नेहमीच्याच संबोधनाने बोलावे, पाहिलेली गोष्ट सांगावी, अडचण विचारावी आणि पुढच्या महिन्यात काय बदललेले दिसले पाहिजे ते ठरवावे. तीच चूक पुन्हा झाली तर लेखी समज द्यावी आणि तिचे उत्तर फाइलला लावावे.

अडचण मनापासून विचारावी, कारण पुष्कळदा दोष माणसाचा नसतो. दोन उपकेंद्रांचा अतिरिक्त कार्यभार, नादुरुस्त क्वार्टर, मोबाइलला रेंज नसल्यामुळे पोर्टलवर न चढलेली माहिती, बिघडलेले हिमोग्लोबिन मापक, आजारी सासू, ही सगळी कारणे मी ऐकली आहेत आणि त्यांतली बहुतेक खरी निघाली आहेत. यंत्र दुरुस्त करून देणे तुमच्या हातात असेल, तर ते आधी करावे. प्रशिक्षणाची गरज असेल तर जिल्हा प्रशिक्षण पथकाकडे नाव पाठवावे. सुधारण्याची संधी दिल्यानंतर लिहिलेला कमी शेरा तुम्हालाही जड जात नाही आणि समोरच्यालाही अनपेक्षित वाटत नाही. सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येकाशी पंधरा मिनिटे बोलून, आज वर्ष संपले असते तर माझे मत काय राहिले असते, ते स्पष्ट सांगावे.

मार्चमधले लेखन

एका दिवशी तीन किंवा चारच अहवाल लिहावेत. आधी वही वाचावी, मग वर्णनाचा भाग लिहावा आणि श्रेणी सर्वांत शेवटी भरावी, कारण श्रेणी आधी ठरली की वर्णन तिच्या मागे ओढले जाते. एका माणसाचा पूर्ण अहवाल संपवून दुसऱ्याचा घेण्याऐवजी कच्च्या कागदावर एकच बाब सर्वांसाठी तपासावी, उदाहरणार्थ सर्व आरोग्यसेविकांच्या गृहभेटी, आणि मग पुढच्या बाबीकडे वळावे. यामुळे एका गुणाची छाया दुसऱ्यावर पडणे बरेच कमी होते.

परिस्थितीचा विचार करावा, पण तो वर्णनात लिहून करावा, श्रेणीत गुपचूप मिसळून नव्हे. ‘दोन उपकेंद्रांचा कार्यभार असूनही लसीकरणाचे एकही सत्र रद्द झाले नाही’ हे वाक्य त्या बाईंसाठी नुसत्या ‘अ’पेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण वरचा अधिकारी ते वाचून काहीतरी ठरवू शकतो. प्रसूती रजेमुळे किंवा आजारपणामुळे काम कमी झाले असेल, तर प्रत्यक्ष हजर असलेल्या काळाचेच मूल्यमापन करावे.

शेवटी सर्व श्रेणी एका कागदावर समोर मांडाव्यात. सगळ्या सारख्या आल्या असतील तर वही पुन्हा उघडावी. मात्र अमुक इतक्यांना ‘ब’ मिळालेच पाहिजे, असे कोष्टक स्वतःवर लादू नये; पाच जणांचे केंद्र खरोखर पाचही उत्तम माणसांचे असू शकते. आपण कडक आहोत हे दाखवण्यासाठी श्रेणी कापणे हा सढळपणाइतकाच मोठा दोष आहे, आणि नवा अधिकारी एकातून सुटताना दुसऱ्यात सहज पडतो.

प्रत, अभिवेदन आणि दबाव

देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की अहवालातील प्रत्येक शेरा, तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्या प्रकरणात ‘चांगला’ हा शेराच पदोन्नतीच्या आड आला होता, कारण पदोन्नतीसाठी ‘खूप चांगला’ लागत होता आणि संबंधित अधिकाऱ्याला तो शेरा कळवलेलाच नव्हता. म्हणजे तुम्ही लिहिलेले ती व्यक्ती वाचणार आहे आणि त्याविरुद्ध अभिवेदन, म्हणजे वरिष्ठांकडे लेखी हरकत, करणार आहे, हे गृहीत धरूनच लिहावे. माझ्या मते हा नियम न्याय्य आहे. त्याला भिऊन अनेक जण हात सढळ करतात. तारीखवार नोंदी असलेल्या अधिकाऱ्याला मात्र तसे करावे लागत नाही.

सरपंच, सदस्य किंवा संघटनेचे पदाधिकारी यांचे फोन येतील. त्यांना एवढेच सांगावे की अहवाल नोंदींवरून लिहिला आहे आणि अभिवेदनाचा मार्ग खुला आहे. पुनर्विलोकन अधिकाऱ्याने श्रेणी वाढवली तर वाद घालू नये. तो त्यांचा अधिकार आहे, आणि तुमचे वर्णन कागदावर राहतेच.

समुदाय आरोग्य अधिकारी आणि आंतरवासी

उपकेंद्रात नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी असल्याने त्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कामावर आधारित मोबदल्यासाठी त्यांचे निर्देशांक तुम्ही तपासून प्रमाणित करता, त्यामुळे सढळपणाचा मोह मार्चपुरता न राहता पुन्हा पुन्हा येतो. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मधुमेह व रक्तदाब तपासणीचा आकडा मान्य करण्यापूर्वी यादीतील दोन-तीन व्यक्तींना फोन करून विचारावे. आकडा बरोबर नसेल तर तेवढाच भाग नामंजूर करावा, पूर्ण मोबदला अडवू नये.

वैद्यकीय महाविद्यालयातून येणाऱ्या आंतरवासी डॉक्टरांच्या नोंदपुस्तिकेवर सही करताना मात्र मी आता अजिबात मऊ राहत नाही. उद्या हाच मुलगा एकटा एखाद्या केंद्रात बसणार आहे आणि त्याच्यासमोर मण्यार चावलेला रुग्ण येणार आहे. जी कृती त्याने माझ्यासमोर केली नाही, तिच्यापुढे मी सही करत नाही; ती कृती करण्याची संधी देण्यासाठी त्याला रात्रीच्या ड्युटीला बोलावतो.

वर्षाच्या मध्येच बदली झाली तर

तुमची बदली झाली आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ तुम्ही काम पाहिले असेल, तर कार्यमुक्त होण्यापूर्वी तेवढ्या काळाचे अहवाल लिहून द्यावेत. नव्या गावी गेल्यावर ते मागवले जातात, तेव्हा वही जुन्या कपाटात राहिलेली असते आणि माणूस आठवणीवर, म्हणजेच सढळपणे, लिहितो. सही केलेले अपेक्षापत्र व दिलेल्या लेखी समजांच्या प्रती नव्या अधिकाऱ्याकडे पोच घेऊन सोपवाव्यात. तुमची स्वतःची वही मात्र सोपवू नये, कारण तिच्यातली मते तुमची आहेत आणि नव्या अधिकाऱ्याने त्या माणसांकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.